शस्त्रहतांची चतुर्दशी

सातव्या महिन्याचा धूर पुन्हा वर येऊ लागला आहे. जुरोंग ईस्टच्या आमच्या इमारतीखाली लोखंडी पिंपे मांडली गेली आहेत. दिवेलागणीला चिनी शेजारी कागदी नोटांच्या चळती, कागदी सदरे, कागदी पादत्राणे त्यांत अर्पण करतात, आणि राख तरंगत येऊन बाराव्या मजल्यावरच्या आमच्या तुळशीच्या कुंडीत बसते. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांच्या पंचांगातल्या या सातव्या महिन्यात परलोकाचे दार उघडते. ज्यांना घर आहे ते मृतात्मे घरी येतात. ज्यांना कोणी उरलेले नाही ते वाटांवर हिंडतात. त्यांच्यासाठी पदपथाच्या कडेला भात, संत्री आणि मेणबत्त्या मांडलेल्या असतात. चालताना मी पाऊल जपून टाकतो. दुसऱ्याच्या पितरांचे पान ओलांडू नये, हे मला वाईच्या घाटावर वडिलांनी शिकवले. समुद्र ओलांडला म्हणून तो नियम सुटत नाही.

हा ऋतू इथे मोठा हिंस्र असतो. पहाटे सुमात्राच्या दिशेने ढगांची काळी फळी उठते, वारा झाडांना केस धरून हलवावे तसे हलवतो, आणि वीज अशी कडाडते की खिडकीच्या काचा दातांसारख्या वाजतात. तासाभरात सारे शांत होते. खाली जातो तेव्हा ओल्या राखेचा चिखल झालेला असतो आणि पावसात फुटलेली संत्री लाल मुंग्यांनी भरलेली असतात. निसर्ग मारतो तेव्हा त्याला लपावे लागत नाही. माणूस मारतो तेव्हा काळोख शोधतो, हे मी गेल्या वर्षी याच दिवसांत एका पडद्यावर पाहिले.

गेल्या वर्षी चिनी पंचांगात अधिक मास आला होता, आमच्या पंचांगात नव्हता. त्यामुळे त्यांचा हा महिना पुढे सरकून आमच्या भाद्रपदावर येऊन बसला. गणपती उठले आणि पितृपंधरवडा लागला तो त्यांच्या धुरातच लागला. यंदा दोन्ही पुन्हा विलग झाले आहेत. आमचे पितर पौर्णिमेनंतर येतील, तोवर यांची पिंपे उचललेली असतील. तरीही धुराचा वास आला की मला दोन्ही पक्ष एकच वाटतात.

आमच्या घरात आम्ही चौघे: मुलगा निखिल, सून मधुरा, मी आणि वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. माझी पत्नी लवकर गेली. निखिलला वाढवले ते वहिनींनी, आणि तो नोकरीसाठी इथे आला तेव्हा आम्हां दोघांनाही त्याने आणले. दादा सैन्यात होता, भिक्षुकांच्या घरातला पहिला शिपाईगडी. एकाहत्तरच्या युद्धात एका रात्री तो तुकडी घेऊन शत्रूच्या मुलखात शिरला आणि परतला नाही. देहही आला नाही. आली ती एक पत्र्याची पेटी, तीत लोकरी सदरा आणि दाढीचे सामान. वहिनी तेव्हा विशीत होत्या. त्यांनी कपाळावरचे कुंकू पुसले नाही आणि गळ्यातले काढले नाही. कोणी विचारले तर म्हणत, "ते येणार आहेत."

ज्याचा ठावठिकाणा नाही त्याची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग त्याची दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, असे शास्त्र सांगते. वडिलांनी बारा वर्षांनी विषय काढला तेव्हा वहिनींनी जेवण सोडले. तिसऱ्या दिवशी वडिलांनी शब्द मागे घेतला. ते गेल्यावर अधिकार माझ्याकडे आला, पण मी पुन्हा विचारले नाही. कुंकू त्यांचे, निर्णय त्यांचा. म्हणून प्रतिवर्षी तर्पणाला बसलो की वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे घेऊन झाल्यावर एका जागी माझी जीभ थांबे. जिवंताला तिलोदक देणे म्हणजे त्याचे मरण चिंतणे, आणि मृताला न देणे म्हणजे त्याला तहानलेला ठेवणे. या दोन दोषांच्या मधल्या फटीत दादा उभा होता, अर्धे शतक.

तो रविवार होता. खालच्या मैदानावर रंगमंच उभारला होता. या महिन्यात मृतांच्या करमणुकीसाठी तिथे गाण्यांचे कार्यक्रम होतात, आणि खुर्च्यांची पहिली रांग रिकामी ठेवतात. ती न दिसणाऱ्या प्रेक्षकांची. ढोलांनी आमच्या भिंती थरथरत होत्या. निखिलने खिडक्या लावल्या आणि आवाजावर आवाज म्हणून एक जुना अमेरिकन चित्रपट लावला. कृष्णधवल, फारसा कोणाला ठाऊक नसलेला. त्याला असल्या युद्धपटांचा नाद आहे. एरवी पहिली गोळी सुटली की वहिनी उठून आत जात. त्या दिवशी आतही ढोलच होते, म्हणून त्या वाती वळत बसून राहिल्या.

सहा सैनिक रात्री रबरी होडीतून कुठल्याशा आशियाई किनाऱ्यावर उतरतात. शत्रूच्या पाठीमागे, एक पूल उडवण्यासाठी. पहिल्या काही क्षणांतच एक पहारेकरी मरतो. मागून एक हात त्याच्या हनुवटीखाली जातो, दुसऱ्या हातातले पाते गळ्यावरून फिरते, आणि रक्त कृष्णधवलात काळे दिसते, शाईसारखे. मेलेल्याच्या टाचा चिखलात बराच वेळ घासत राहतात. दिग्दर्शकाने तिथून दृष्टी हलवली नव्हती. पूल उडतो, त्यावरची माणसे गोणीतून दाणे सांडावेत तशी पाण्यात पडतात, आणि पोहणाऱ्यांवर हे सहा जण काठावरून गोळ्या झाडतात. पाण्यात डोकी एकेक करून बुडतात. मी मनात नामस्मरण करीत होतो, पण दृष्टी काढून घेता येत नव्हती. हिंसेला एक आकर्षण असते. ते नाकारणारा मनुष्य एक तर सिद्ध असतो किंवा खोटे बोलत असतो.

मग परतीची वाट. त्यांच्यातल्या एकाच्या, बहुधा सर्वांत हसऱ्याच्या, पोटात गोळी घुसते. तो दोन्ही हातांनी आपले पोट आत धरून ठेवतो. बोटांमधून ते बाहेर येऊ पाहते. त्याला ओढत एका खड्ड्यात आणतात. वरून शत्रूची गस्त येत असते, झुडुपांवरून दिव्यांचे झोत फिरत असतात. तो ओठ हलवत काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणतो.

वहिनींच्या हातातली वात थांबली. "काय म्हणतोय रे तो?"

"पाणी मागतोय, काकू," निखिल म्हणाला.

"मग देत का नाहीत?"

"पोटात लागलं की पाणी द्यायचं नसतं."

पडद्यावर तो मोठ्याने मागू लागला. तेव्हा त्याच्या मित्राने त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. आधी हळू. मग सगळ्या शरीराचा भार देऊन. गस्त डोक्यावरून जाईपर्यंत तो हात तिथेच होता. वर फिरणारे झोत आणि खाली दोन डोळे, एवढेच दिसत होते. गस्त गेली, तुकडी उठली. मित्राने त्याच्या गळ्यातला धातूचा बिल्ला काढून घेतला, अंगावर पाने पसरली, आणि ते निघाले. पानांखाली काहीतरी अजून हलत होते.

वहिनींनी विचारले, "त्याने हात चावला का?"

निखिलला प्रश्न कळला नाही. मला कळला. माझ्या हातातली जपमाळ मांडीवर पडली.

युद्ध संपून काही महिने झाले होते तेव्हा दादाच्या तुकडीतला बाबूराव नावाचा जवान वाईला आमच्या घरी आला होता. साताऱ्याकडचाच, दादापेक्षा लहान. ओटीवर वडील आणि मी बसलो होतो. मी तेव्हा पाठशाळेत शिकत होतो. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग एका दमात बोलला. नाला ओलांडून ते पलीकडे गेले, दारूगोळ्याची कोठी उडवली, पेटलेल्या उजेडात शत्रूची माणसे पळत होती आणि त्यांच्यावर गोळ्या झाडत हे मागे सरकले. एकाचे डोके त्याच्या डोळ्यांसमोर नाहीसे झाले, धड दोन पावले चालले. परतताना दादाच्या पोटात गोळी लागली. उसाच्या शेतात त्याला झोपवले. तो पाणी मागत होता आणि बांधावरून शत्रूची माणसे बॅटऱ्या मारत चालली होती.

"आवाज केला आसता तर सगळेच गेलो आसतो," बाबूराव म्हणाला. "माजाच हात व्हता सायबांच्या तोंडावर. पन सायेब जित्ते व्हते ओ. आमी निगालो तवा सास चालू व्हता."

वडिलांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. तळहातावर दातांची अर्धवर्तुळाकार खूण होती, अजून पुरती न भरलेली. त्याच वेळी, दारामागून सारे ऐकलेल्या वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. बाबूरावाने तो घेण्यासाठी हात पुढे केला, आणि त्यांनी ती खूण पाहिली. तांब्या खाली पडला नाही. त्यांनी तो त्याच हातात दिला आणि त्याचे पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या.

त्या सगळ्या कथनातून वहिनींनी उचलला तो शेवटचा एक शब्द. सास चालू व्हता. त्या शब्दावर त्यांनी पन्नास आणि वर काही वर्षे घर उभे केले. त्यात व्रते केली, वटपौर्णिमा केल्या, इथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात मानाने पुढच्या पाटावर बसल्या. मरण कसे असते ते त्यांनी पाहिले नव्हते. त्यांच्या मनातला दादा झोपला होता, श्वास चालू होता, आणि झोपलेला मनुष्य केव्हातरी उठतो.

दुसऱ्या दिवशी निखिल आणि मधुरा कामावर गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या की कालचे ते पुन्हा लावा. मला ते यंत्र नीट चालवता येत नाही. बऱ्याच खटपटीने तो खड्डा सापडला. त्यांनी तो प्रसंग उभ्याने पाहिला, पदर कमरेला खोचून, जणू स्वयंपाकघरात काही उतू जात आहे. पाने पसरली, ती हलली, सैनिक निघून गेले. मी बंद करू लागलो तर म्हणाल्या, "पुन्हा." दुसऱ्या वेळी त्यांनी पडद्याजवळ जाऊन त्या पानांवर बोट ठेवले.

"म्हणजे सास चालू होता म्हणजे असा," त्या म्हणाल्या.

जन्मभर शिकलेले सगळे त्या बोटापुढे थिटे होते.

त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, इतकी वर्षं मी त्यांना कपाळावर मिरवलं आणि त्यांच्या तोंडात थेंब घातला नाही. त्यांच्या तोंडावरचा हात बाबूरावानं काढून घेतला. मी ठेवला तो अजून आहे. विधी करा."

"वहिनी, एकदा अग्नी दिला की..."

"ठाऊक आहे मला. नवमी जाते माझी."

ज्या स्त्रीला पतीच्या आधी मरण येते तिचे श्राद्ध पितृपंधरवड्यातल्या नवमीला करतात, अहेवपणीच्या मानाने. वहिनींच्या पिढीत त्याहून मोठे भाग्य नव्हते. त्या भाग्यासाठी त्यांनी उपास काढले होते. ते त्या भाजी निवडताना देठ बाजूला टाकावा तसे बाजूला टाकत होत्या, आणि त्यांचा आवाज मुळीच हलत नव्हता.

प्रतिमादहनासाठी मी एकादशी धरली, त्या दिवसासह तीन दिवस अशौच, आणि शुद्धी होऊन चतुर्दशीला श्राद्ध. ती चतुर्दशी शस्त्राने मारलेल्यांची. इतर कोणत्याही तिथीला गेला असो, जो शस्त्राने गेला त्याला त्या दिवशी पाणी मिळते. आमच्या पूर्वजांनी कालगणनेत एक पूर्ण दिवस हिंसेसाठी राखून ठेवला आहे, याचा अर्थ मला त्या वर्षी प्रथम उमगला. त्यांना ठाऊक होते की अशी माणसे पुष्कळ असणार.

दर्भ लिटल इंडियातल्या पूजासाहित्याच्या दुकानात मिळाला. भोजनाच्या टेबलावर पाट ठेवून मी प्रतिमा बांधू लागलो. मस्तकाच्या जागी लहानसा नारळ, दर्भाच्या जुड्यांचे हात आणि पाय, मांसाच्या जागी जवाचे पीठ. हे घरी करावे की न करावे याचा काथ्याकूट मी मनात केला होता, पण नदीकाठ नव्हता आणि स्मशानही आपले नव्हते. वहिनी शेजारी बसून पीठ मळून देत होत्या. धड लिंपताना पोटापाशी दर्भ उघडा राहिला. त्यांनी माझा हात थांबवला, पिठाचा एक मोठा गोळा घेतला, त्या फटीत भरला आणि अंगठ्याने कडा मिटवत राहिल्या. पुन्हा पुन्हा, ओल्या बोटाने, भेग दिसेनाशी होईपर्यंत.

"इथे नीट भरायला हवं," त्या म्हणाल्या.

अग्नी कोठे द्यावा हा प्रश्न उरला होता. सदनिकेत शक्य नव्हते. मधुराने सहज खिडकीतून खाली बोट दाखवले: पिंपे तर आहेतच. मी दचकलो. दुसऱ्यांच्या अर्पणाची राख असलेल्या पिंपात समंत्रक अग्नी? विचारावे तरी म्हणून मी खाली गेलो. तिथे तळमजल्यावरचे अंकल लिम काठीने कागद सारखे करत होते. वय ऐंशीच्या पुढे, अंगात बनियन. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्यांना सांगितले की भाऊ युद्धात गेला, देह मिळाला नाही, त्याची प्रतिमा जाळायची आहे.

त्यांनी काठी थांबवली. मग सांगितले की जपानी सैन्य आले तेव्हा ते तान्हे होते. त्यांच्या वडिलांना इतर पुरुषांबरोबर लॉरीत घालून समुद्रकाठी नेले, हात बांधून ओळीत उभे केले आणि यंत्रबंदुकीने कापले. भरतीने वाळू धुऊन काढली. आईने कोणाचेही हाड पाहिले नाही. दर सातव्या महिन्यात ते वडिलांसाठी नवा कागदी सदरा जाळतात, कारण जाताना अंगात होता तो फाटला असणार.

एका पिंपातली राख त्यांनी स्वतः उपसून काढली, तळ पाण्याने धुतला आणि मला म्हणाले, "युवर ब्रदर वेट लाँग टाइम, माय फादर ऑल्सो. सेम फायर, कॅन लाह."

एकच अग्नी, चालेल: शास्त्रात या वचनाला आधार शोधण्याची मला गरज वाटली नाही.

एकादशीच्या सकाळी आम्ही चौघे लिफ्टने खाली निघालो. माझ्या हातात ताम्हनात प्रतिमा. चार मजले उतरलो तेव्हा वहिनींनी मंगळसूत्र डोक्यावरून काढले आणि मधुराच्या ओंजळीत ठेवले. मधुराचे डोळे भरले. "काकू, आता असं कोणी करत नाही हो. राहू दे ना गळ्यात."

"मी करते," वहिनी म्हणाल्या, आणि पदराच्या टोकाने कपाळ पुसले. लिफ्टच्या पत्र्यात त्यांनी स्वतःकडे पाहिले नाही. सहाव्या मजल्यावर एक शाळकरी मुलगी दप्तर घेऊन आत आली, आमच्याकडे पाहून भिंतीला चिकटून उभी राहिली.

अग्नी लवकर धरला. दर्भ चरचरला, पीठ आधी काळे झाले आणि मग त्याला भेगा पडल्या. पोटाची जागा शेवटी फुटली. धूर डोळ्यांत जात होता, मंत्र म्हणताना घसा धरत होता. प्रतिमेचे हात ज्वाळेत वाकून वर आले, जळणाऱ्या देहाचे येतात तसेच, आणि निखिल मान वळवून उभा राहिला. अंकल लिम चार पावलांवर हात जोडून होते. मग नारळ फुटला. आवाज असा झाला की खांबांवरचे पारवे उडाले आणि समोरच्या इमारतीत कोणीतरी खिडकी उघडली. अगदी गोळीसारखा. ज्या बाई पडद्यावरच्या गोळीला उठून जात त्या जागच्या हलल्या नाहीत. पापणीही लवली नाही. नारळातले पाणी निखाऱ्यांवर सांडून फसफसले आणि त्या एवढेच म्हणाल्या, "गेले."

त्या चित्रपटाविषयी मी पुढे पुष्कळदा विचार केला. शेवटी तुकडीतला एकच परत येतो. त्याच्या खिशात पाच बिल्ले असतात, ते तो टेबलावर ठेवतो आणि वरिष्ठ त्याला विचारतो की पूल उडाला का. तो होय म्हणतो. चित्रपट तिथे संपतो. ज्यांनी तो बनवला त्यांनी मारणे मोठ्या प्रामाणिकपणे दाखवले, पण पानांखाली राहिलेल्याचे पुढे काय करायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्हांला ठाऊक होते, आणि तरी आम्ही करत नव्हतो. आणि त्या नाल्यापलीकडे, दादाच्या तुकडीने उजेडात टिपलेल्या माणसांच्या घरीही कोणी बाई कोणा शब्दावर बसून असेल. हे मी वहिनींना बोललो नाही. मात्र त्या चतुर्दशीला, ज्यांना कोणी नाही अशांसाठी जे पाणी देतात ते देताना, मी त्या माणसांनाही मनात आणले.

यंदाची चतुर्दशी अजून यायची आहे. वहिनी आत्तापासून तीळ निवडून ठेवत आहेत. हळदीकुंकवाला त्या आता पाटावर बसत नाहीत, आत कॉफी करतात, आणि मधुराने रागावून सांगूनही ऐकत नाहीत. पण पडद्यावर गोळ्यांचा आवाज आला म्हणून उठून जात नाहीत. पहाटे वीज कडाडली की निखिलच आधी दचकतो.

गेल्या वर्षीच्या त्या दिवशी मी दक्षिणेकडे तोंड करून बसलो होतो, जानवे उजव्या खांद्यावर, समोर परात. पाणी घालायला निखिल पुढे आला तर वहिनींनी तांब्या त्याच्या हातातून घेतला. हे रीतीला धरून नव्हते. मी हात पुढे केला. त्या माझ्या तिळांच्या ओंजळीत पाणी ओतू लागल्या आणि मी अंगठा व तर्जनी यांच्या मधून ते परातीत सोडू लागलो. वडील. आजोबा. पणजोबा. मग ती जागा आली जिथे माझी जीभ थांबत असे. दादाचे नाव, गोत्र, आणि शस्त्राने गेलेला हा उच्चार, तिन्ही प्रथमच माझ्या तोंडून एकत्र बाहेर पडले. सांगितलेल्या तीन अंजली झाल्या. मी हात मागे घेऊ लागलो.

तांब्याची धार थांबली नव्हती. परात भरत आली होती, काळे तीळ कडेला तरंगत होते, पाणी माझ्या मनगटांवरून पाटावर वाहत होते.

"अजून," वहिनी म्हणाल्या.

मी ओंजळ पुन्हा धरली.